तात्यांकडे बघू नका

डॅलसच्या विमानतळावरून घरी येताना चिरंजीवांनी गाडीतच सांगून टाकलं, "आई, तुझ्या खोलीत तात्या आहेत. त्यांच्याकडे फार बघू नकोस."

सांगलीहून निघून दीड दिवसाचा प्रवास करून आलेल्या आजींनी जडावलेले डोळे उघडले. "कोण तात्या? आणि आले कधी?"

"मागच्या महिन्यात. कुरिअरने."

कुरिअरने आलेले तात्या म्हणजे शॅमेलिऑन. आपल्या कोकणात ज्याला घोयरा म्हणतात, त्याचा हा परदेशी चुलतभाऊ. जात व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळ गाव येमेन आणि सौदी अरेबिया, शेपटी धरून लांबी दीड फुटाच्या वर आणि डोक्यावर पगडी चढवल्यासारखा उंच तुरा. चालायचं म्हणजे एक पाय उचलायचा, तो हवेतच धरून पुढे-मागे झुलायचं, बेत बदलायचा आणि पाय होता तिथेच परत ठेवायचा. हे सगळं करताना एक डोळा समोर, तर दुसरा मागच्या दाराकडे. चिरंजीवांना आपल्या गल्लीतले निवृत्त हेडक्लार्क आठवले आणि नाव ठरून गेलं.

परदेशातला मराठी माणूस साधारणपणे गणपती, ढोलपथक आणि मंडळातले रुसवे पाळतो. त्यात हा नाद नवा. भारतात तो करताही आला नसता. घोयरा ही आपल्याकडची शॅमेलिऑनची एकुलती एक जात, तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि ती घरात ठेवली तर वनखातं दारात उभं राहतं. टेक्सासमध्ये मात्र पिंजरा, दिवे, फांद्या आणि आत बसणारा प्राणी हे सगळं घरपोच मिळतं. मिळत नाही ती फक्त पाळणाऱ्याला लागणारी एक गोष्ट, लक्ष न देण्याची सवय. शॅमेलिऑनला कुरवाळलेलं, उचललेलं, टक लावून पाहिलेलं काहीही चालत नाही. आपल्याकडे कुणी बघतंय म्हणजे ते आपल्याला खायला आलंय, असा त्याचा सरळ हिशेब. आणि तो आला होता एका सांगलीकर घरात, जिथे पाहुणा "पोट भरलं" म्हणाला की त्याच्या पानात आणखी दोन पोळ्या पडतात.

पहिल्याच सकाळी आजींनी तात्यांच्या पिंजऱ्यावर एक भांडं पाहिलं. भांड्याला बारीक नळी, नळीतून थेंब थेंब पाणी खालच्या मनीप्लांटच्या पानावर. आजींचे हात आपोआप जोडले गेले. "महादेवावर गळती लावलीय की रे!"

तात्या वाटीतलं पाणी पीत नाहीत. वाटी दिसते, पण त्यात आहे ते पाणी, हे त्यांना पटत नाही. झाडावर जन्म काढणाऱ्याची ओळख फक्त पानावरून ओघळणाऱ्या थेंबाशी. शिवाय दिवसरात्रीतून तीन-चार वेळा धुक्याचा फवारा मारणारं एक यंत्र आहे, तेही आपोआप चालणारं. जेट लॅगने रात्री तीन वाजता जाग आलेल्या आजींना अंधारात फुस्स असा आवाज आला आणि खोलीत धुकं पसरलेलं दिसलं. त्या वेळी त्यांनी जे म्हटलं ते भीमरूपीच होतं, असं सूनबाई सांगतात.

दिव्यांचं प्रकरण वेगळंच. एक दिवा उबेचा, त्याच्याखालच्या फांदीवर ३० अंशांच्या आसपास ऊन पडायला हवं. दुसरा अतिनील किरणांचा. तो नसेल तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत बसत नाही आणि हाडं रबरासारखी वाकू लागतात. पण हा दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असतो तेव्हाच त्यातले अतिनील किरण संपत आलेले असतात. म्हणून ठरावीक महिन्यांनी चांगला चालू दिवा काढून टाकायचा. ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात मिणमिणता बल्बसुद्धा आधी मोरीत आणि मग जिन्यात लावून संपवला, त्यांच्यासमोर चिरंजीवांनी पेटता दिवा कचऱ्यात टाकला. त्या दिवशी मायलेकरांत बोलणं कमी झालं. जुलैमध्ये बाहेरचा पारा चाळिशीला गेला, घरात एसी आणि एसीच्या गारव्यात उन्हाचा दिवा लागला, तेव्हा आजींनी फक्त एवढंच विचारलं, "बाहेरचं ऊन फुकट आहे ना रे?"

पण दिवे आणि पाणी परवडलं. खरा प्रश्न जेवणाचा.

शॅमेलिऑन पाळतो असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात किडे पाळत असतो. शॅमेलिऑन हा त्यांच्या वरचा एक छोटासा मजला. चिरंजीवांच्या कपड्यांच्या कपाटात एका खोक्यात रातकिडे होते आणि दुसऱ्यात डुबिया जातीची दीडशे झुरळं. रातकिड्यांतले नर रात्रभर गातात आणि खोक्याचं झाकण पाच सेकंद उघडं राहिलं तर त्यातला एखादा नेमका सोफ्याखाली जाऊन तिथे मैफल लावतो. झुरळं त्या मानाने कुलीन. ती आवाज करत नाहीत, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाहीत आणि अंडी न घालता थेट पिल्लांनाच जन्म देतात. ही तिसरी माहिती चिरंजीवांनी अभिमानाने सांगितली आणि आजींनी ती तशी घेतली नाही.

त्यात सूनबाई रोज सकाळी गाजर किसत असत. आजींना वाटलं, कोशिंबीर.

"झुरळांना?"

"आई, ती जे खातात ते शेवटी तात्यांच्याच पोटात जातं. म्हणून आधी त्यांना चांगलं खायला घालायचं."

"माझ्या नातवाला कोण घालतंय?"

गाजर खाऊन तृप्त झालेले रातकिडे मग एका पिशवीत घालायचे, वर चिमूटभर कॅल्शियमची पूड टाकायची आणि पिशवी हलवायची. रव्यात घोळवलेल्या मांदेलीसारखे पांढरे होऊन ते तात्यांच्या पुढ्यात जातात. तात्या दोन्ही डोळे एकाच ठिकाणी आणतात, तोंड किंचित उघडतात आणि पुढचं काही दिसायच्या आत रातकिडा तोंडात असतो. जीभ शेपटी वगळून उरलेल्या शरीराच्या दीडपट ते दुप्पट लांब. तिच्या टोकावरची लाळ माणसाच्या लाळेच्या सुमारे ४०० पट चिकट असते, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१६ साली मोजून दाखवलं. हे ऐकून आजींनी पहिल्यांदा कौतुकाने मान हलवली. "म्हणजे गोळीबंद पाक."

कौतुक चारच दिवस टिकलं. अमेरिकेत काय मिळेल न मिळेल म्हणून त्यांनी सांगलीहून लक्ष्मणरेषा खडू आणला होता. पाचव्या दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी झुरळांच्या खोक्याला बाहेरून, आतून आणि झाकणावर शास्त्रोक्त रेघा ओढल्या. विष लागलेलं झुरळ तात्यांनी खाल्लं तर तात्याही गेलेच. त्यामुळे दीडशेच्या दीडशे झुरळं, त्यांचं गाजर आणि खोकं सगळं फेकून नवी वसाहत मागवावी लागली. झुरळं विकत घेण्यासाठी मुलाने क्रेडिट कार्ड काढल्याचं आजींनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या आयुष्यातली ही अत्यंत अवघड संध्याकाळ.

शनिवारी मंडळातली चार कुटुंबं जेवायला आली. शॅमेलिऑन घरात असला की पाहुण्यांची मागणी एकच असते. "दाखव ना रंग बदलून!" एका काकांनी आपला चौकडीचा शर्ट पिंजऱ्याला चिकटवला. एका काकूंनी पैठणीचा पदर जाळीवर धरून मोराची वाट पाहिली. तात्या काळे ठिक्कर पडले.

"बिघडलाय का?"

"नाही काकू, वैतागलेत."

शॅमेलिऑन मागचा पडदा बघून रंग घेतो ही समजूत इतकी पक्की आहे की आपलं सगळं राजकीय भाष्य तिच्यावर उभं आहे. प्रत्यक्षात तो पडद्याला विचारतही नाही. थंडी वाजली की ऊन शोषायला गडद होतो, दुसरा नर दिसला की भडक रंगांनी पेटतो, कुणी छळलं की काळवंडतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर काम करून यामागची युक्ती उलगडली. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. स्वारी शांत असताना ते दाटीवाटीने बसतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात, त्यात कातडीतला पिवळा मिसळून हिरवा दिसतो. स्वारी खवळली की स्फटिक एकमेकांपासून सरकतात आणि पिवळा-तांबडा उमटतो. लग्नात जाजमावर बसलेली मंडळी भांडण झाल्यावर जशी ऐसपैस सरकून बसतात, तसंच काहीसं. चिरंजीव हे सगळं स्लाइड दाखवून समजावत होते. काका तोवर शर्ट बदलून आले होते.

मे महिन्यात माई आल्या. त्याही कुरिअरने.

चिरंजीवांच्या डोक्यात पैदाशीने घर केलं होतं. आपण नुसते पाळणारे नाही, 'ब्रीडर' आहोत, असं ते ऑफिसात सांगू लागले होते. माईंचा पिंजरा मात्र हॉलमध्ये, दोघांच्या मध्ये भिंत आणि दार बंद. एका जातीचे असले तरी शॅमेलिऑनना एकमेकांचं तोंड सतत दिसलं तर दोघांचीही प्रकृती ढासळते. आजींनी ही व्यवस्था नीट समजून घेतली.

"नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत, तोंड बघायचं नाही."

"हो."

"मग तुझ्या मामांकडे काय वेगळं आहे?"

जुळवाजुळवीचा कार्यक्रम मात्र अगदी स्वच्छ असतो. माईंना तात्यांच्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि रंग बघायचा. त्या फिक्या हिरव्या, शांत राहिल्या तर होकार. अंग काळपट, त्यावर पिवळे-निळसर ठिपके, जबडा उघडून फुस्स आणि जागच्या जागी डोलणं म्हणजे नकार. अशा वेळी ताबडतोब बाहेर काढायचं, नाहीतर चावाचावी. पहिले दोन कार्यक्रम नकारात गेले. तात्या इकडे हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांत नटून मान हलवत होते. "इतक्या स्पष्ट सांगणाऱ्या मुली आमच्या वेळी नव्हत्या," आजी म्हणाल्या आणि माईंकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. तिसऱ्यांदा होकार आला. दोन दिवसांत माईंनी पुन्हा तेच नकाराचे ठिपके अंगावर घेतले. आता त्यांचा अर्थ होता, दिवस गेलेत, लांब राहा.

लांब राहा हे आजींना सांगणं कठीण होतं. त्यांनी स्वतःची आणि भावकीतली मिळून अठरा बाळंतपणं काढलेली.

महिनाभराने, जूनच्या सुरुवातीला, माई खाणं सोडून पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालू लागल्या. तिथे फूटभर खोल ओलसर वाळूची बादली तयार होती. मादी वाळूत तिरका बोगदा खणते, आत जाऊन अंडी घालते, वर येते आणि वाळू दाबून असं सपाट करते की जसं काही झालंच नाही. कधी हे एका दिवसात आटोपतं, कधी जास्त दिवस लागतात. अट एकच. त्या काळात तिला माणूस दिसता कामा नये. दिसला तर ती बोगदा अर्धवट सोडून वर येते. असं पुन्हा पुन्हा झालं तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावू शकते.

हॉलमधल्या पिंजऱ्यावर चादर आली. टीव्ही बंद. नातवाला शाळेतून आल्यावर मागच्या दाराने घरात घेतलं. घरातले सगळे कुजबुजत बोलू लागले. आजींचं म्हणणं वेगळं होतं. "बाळंतिणीला एकटं ठेवतात का कुठं?" पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी चादरीचं टोक एक बोट उचललं. आत बोगद्याच्या तोंडातून माईंचा एक डोळा बाहेर वळला आणि आजींच्या डोळ्याला भिडला. माई वर आल्या. बोगदा रद्द.

दुसऱ्या दिवशी नवा बोगदा आणि नवं टोक. आजी म्हणाल्या, "मी बघितलं नाही, नुसतं विचारलं, काही हवं का." तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी सुट्टी टाकली, आजींना गाडीत घातलं आणि सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत भारतीय किराणा, साडीचं दुकान, मंदिर आणि पुन्हा भारतीय किराणा असं फिरवून आणलं. परत आले तेव्हा वाळू सपाट होती आणि माई वरच्या फांदीवर चिपाडासारख्या बसल्या होत्या. वाळूत ३८ अंडी निघाली, पांढरी, शेंगदाण्याएवढी. आजींनी पिशवीतून डिंक काढून लाडू वळले. बाळंतिणीसाठी कॅल्शियम लावलेल्या अळ्या आणि भरपूर पाणी हाच खुराक, हे कळल्यावर ते लाडू चिरंजीवांनी खाल्ले.

अंडी ठेवायला डबे हवे होते. घरात होते ते श्रीखंडाचे. त्यांत व्हर्मिक्युलाइट नावाच्या खनिजाचा ओलसर भुगा घालून, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने वरच्या बाजूची खूण करून (शॅमेलिऑनवाले अंडं उलटू देत नाहीत) ते कपाटात ठेवले. डब्यांवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'श्रीखंड नाही'.

"किती दिवस?" आजींनी विचारलं.

"सहा ते नऊ महिने."

"मला राहायची परवानगीच सहा महिन्यांची आहे. त्यातले दोन संपले."

या बाबतीत शॅमेलिऑन कुणाच्याही रजेचा विचार करत नाही. पँथर जातीची अंडी तर कधी कधी वर्षभर घेतात. मादागास्करमध्ये लाबोर्ड शॅमेलिऑन नावाची एक जात आहे. ती आठ-नऊ महिने अंड्यात काढते आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिन्यांत वाढून, जोडीदार गाठून, अंडी घालून मरते. हे कळल्यावर आजी म्हणाल्या, "मग आतच बरं होतं की."

सप्टेंबरात गणपती आले. तात्यांच्या पिंजऱ्यात सावलीला जास्वंदीची कुंडी होती आणि आजींनी तिला महिनाभर खत घालून कळी आणली होती. व्हेल्ड शॅमेलिऑन किड्यांबरोबर पाला आणि फुलंही खातो, ही माहिती चिरंजीवांना होती. आजींना दिलेली नव्हती. चतुर्थीच्या सकाळी त्या पत्री-फुलांचं तबक घेऊन आल्या तेव्हा तांबड्या फुलाची शेवटची पाकळी तात्यांच्या ओठांबाहेर लोंबत होती. तात्यांनी एक डोळा आजींकडे वळवला, दुसरा तबकातल्या दूर्वांकडे.

त्या गडबडीत पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं. आरतीला माणसं जमली आणि कुणीतरी म्हणालं, "तात्या कुठायत?" सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं म्हणणाऱ्याने शॅमेलिऑन पाळलेला नसावा. १९७२ साली, आपल्याकडे वन्यजीव कायदा झाला त्याच वर्षी, हवाईतल्या ओआहू बेटावर एका दुकानदाराने केनियाहून तीन शिंगांचे जॅक्सन शॅमेलिऑन मागवले. प्रवासाने ते सुकून गेले होते, म्हणून जरा तरतरी यावी या भल्या हेतूने त्याने ते आपल्या बागेत सोडले. त्यांना तरतरी आली. पन्नास वर्षांनंतर त्यांचे वंशज हवाईतल्या बागांमध्ये नांदताहेत. फ्लोरिडात तर काही हौशी लोक मुद्दाम आडरानात शॅमेलिऑन सोडतात, जागा गुपित ठेवतात आणि रात्री बॅटरी घेऊन पिल्लं वेचायला जातात. आपली परसबाग समजून.

तात्या आठ तासांनी सापडले. पडद्याच्या दांड्यावर, अगदी उघड्यावर, गर्द हिरवे. पडदा मरून रंगाचा होता.

पण सप्टेंबरची मुख्य बातमी ही नव्हे. महिना संपता संपता माई पुन्हा वाळूत उतरल्या.

आजींनी तात्यांच्या खोलीचं दार तपासलं. कडी शाबूत. "अरे, हे कसं?" मग चिरंजीवांनी वाचून सांगितलं की मादी पहिल्या वेळचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि त्यावर पुढच्या अंड्यांची सोय करते. नर लागतच नाही. आजी बराच वेळ गप्प होत्या. "म्हणजे तात्यांचं गाजर, दिवे, गळती, हे सगळं कशासाठी चाललंय?"

यावर चिरंजीवांनाही उत्तर सुचलं नाही. या वेळी आजींनी चादरीला हात लावला नाही. स्वतःहून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या, नातवालाही बसवलं आणि सूनबाई डोकवायला निघाल्या तेव्हा त्यांना परत फिरवलं. माईंनी पहिल्याच बोगद्यात ४३ अंडी घातली. ऑक्टोबरात आजी सांगलीला परतल्या. जाताना सामानातले श्रीखंडाचे चार रिकामे डबे त्यांनी न मागता काढून ठेवले.

पहिल्या घाण्यातली पिल्लं फेब्रुवारीत निघाली, ३८ पैकी ३१. नखाएवढी, पण डोळे फिरवायची पद्धत तात्यांचीच. प्रत्येकाला रोज डझनावारी फळमाश्या लागतात. त्या कुस्करलेल्या केळ्यावर बरण्यांमध्ये वाढतात. न उडणाऱ्या जातीच्या असतात, पण चालत मात्र सगळीकडे जातात. दोन-तीन महिन्यांची झाली की पिल्लं एकमेकांच्या शेपट्या चावू लागतात, म्हणून प्रत्येकाला वेगळं बिऱ्हाड. पिल्लं विकायचा बेत होता, पण व्हेल्ड शॅमेलिऑन हा या बाजारातला कांदा आहे. ज्याला त्याला एकाच वेळी पीक येतं.

आजींचं तिकीट यंदाही एप्रिलचं आहे. त्यांच्या खोलीत सध्या ३१ पिंजरे लागलेत आणि दुसरा घाणा अजून कपाटात आहे.